अल्बानियात समुद्राकाठी फ्लॅट घ्यायचाय? सांगली-साताऱ्याकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत विश्रामबागला माझं रिटर्नचं आणि परदेशी पैसे पाठवायच्या कागदांचं काम चालतं, आणि हल्ली पोरांच्या फीच्या चौकशीसोबत एक प्रश्न हमखास येतो, अल्बानियात फ्लॅट घेऊ का. पुण्याला कुठल्यातरी हॉटेलात प्रॉपर्टी एक्स्पो होतो, निळ्याशार पाण्याचं ब्रोशर हातात पडतं आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तिथं घेण्यासारखं आहे, पण समुद्र बघून घेऊ नका, मालकीचा कागद बघून घ्या. तयार बिल्डिंग, काडास्टरचा, म्हणजे तिथल्या मिळकत नोंदणी खात्याचा, दाखला आणि बँकेतून गेलेला पैसा, एवढं जमत नसेल तर तो विषय सोडून द्या.

अल्बानिया आहे कुठं आणि सगळे तिकडंच का पळतायत?

ग्रीसच्या वरच्या अंगाला, इटलीच्या समोर. अख्ख्या देशाची लोकसंख्या २०२३ च्या जनगणनेत २४ लाखांच्या आसपास आली, आपल्या सातारा जिल्ह्यात २०११ लाच ३० लाख माणसं होती, यावरून आकाराचा अंदाज घ्या. पण त्याच २०२३ साली तिथं बाहेरून येणारे लोक १ कोटीच्या वर गेले. उत्तरेला दुरेस, मग व्लोरा, आणि खाली आयोनियन समुद्राच्या बाजूला हिमारा, सारांदा, क्सामिल. सारांदाच्या बाल्कनीतून ग्रीसचं कोर्फू बेट समोर दिसतं, वेगवान बोटीनं अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. ग्रीस, इटली, क्रोएशियाचा किनारा केव्हाच महाग झाला, हा त्यामानानं मागं राहिला कारण कम्युनिस्ट हुकूमशहा एन्वर होजाच्या काळात, म्हणजे १९४४ पासून ते १९८५ ला तो वारेपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षं, हा देश जगाला बंदच होता. आता २०१४ पासून युरोपियन युनियनचा उमेदवार आहे, २०२२ ला वाटाघाटी सुरू झाल्या, व्लोराला नवीन विमानतळाचं काम निघालं, लोगारा घाटाखालचा बोगदा २०२४ ला खुला झाला. त्यामुळं भाव वाढणार असं सगळे एजंट सांगतात, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण ब्रोशरवरच्या भावात हे सगळं आधीच धरलेलं असतं एवढं ध्यानात ठेवा.

आपल्याला, म्हणजे भारतीय माणसाला, तिथं मालकी मिळते का?

फ्लॅट, घर, दुकान यांची मिळते, स्वतःच्या नावावर, स्थानिक भागीदार वगैरे काही लागत नाही. शेतजमीन परदेशी माणसाला विकत मिळत नाही, फक्त भाडेपट्ट्यानं, जास्तीत जास्त ९९ वर्षांसाठी. आपल्याकडं बिगरशेतकऱ्याला सातबाऱ्यावर नाव लागत नाही तशातलाच प्रकार. बांधकामाचा प्लॉट घ्यायचा तर जमिनीच्या किमतीच्या तिप्पट गुंतवणूक त्यावर करायची अट आहे. त्यामुळं कुणी ‘ऑलिव्हच्या बागेत दोन गुंठे घ्या, पुढं एनए होईल’ असल्या भाषेत बोलायला लागला की तिथंच उठा.

कागद म्हणजे नेमका कुठला कागद?

हा खरा प्रश्न आहे आणि याला वेळ द्या, हवं तर दोनदा वाचा.

कम्युनिस्ट राजवटीत तिथं खाजगी जमीनच उरली नव्हती. राजवट गेल्यावर १९९१ च्या कायद्यानं सामुदायिक शेतीची जमीन गावातल्या कसणाऱ्या कुटुंबांना वाटून टाकली, आणि १९९३ ला दुसरा कायदा आला की जुन्या मूळ मालकांना जमीन परत द्यायची नाहीतर भरपाई द्यायची. म्हणजे एकाच तुकड्यावर कसणारा एक आणि मूळ मालक दुसरा, दोघांकडं सरकारी कागद. आपल्याकडं कूळकायद्याच्या केसेस ज्यांनी घरात बघितल्यात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. किनाऱ्याच्या जमिनीला भाव आला तसे हेच वाद पेटले. त्यात नव्वदच्या दशकात परवानगीशिवाय बांधकामं उठली ती हजारोंनी, त्यांना नियमित करायला २००६ ला कायदा आला, आणि आजही ‘रेग्युलरायझेशन चालू आहे’ अशा अवस्थेतले फ्लॅट सर्रास विकायला असतात. स्वस्त दिसतात त्यातले बरेच हे असतात.

आता या सगळ्या नोंदी राज्य काडास्टर एजन्सीकडं आहेत, २०१९ ला जुनी कार्यालयं एकत्र करून ती केली. तिथून तीन गोष्टी ताज्या काढायला लावायच्या. मालकीचा दाखला, मिळकतीचा नकाशा, आणि ‘कार्तेला’ म्हणजे त्या मिळकतीचं नोंदपत्रक, त्यात मालक कोण, गहाण आहे का, कोर्टाचा मनाई हुकूम आहे का हे दिसतं. ई-अल्बानिया नावाच्या सरकारी पोर्टलवरून डिजिटल शिक्क्याचे कागद निघतात, त्यामुळं एजंटानं व्हॉट्सॲपवर पाठवलेला मागच्या वर्षीचा फोटो अजिबात धरायचा नाही. दाखल्यावर मालक म्हणून जो आहे तोच माणूस, त्याची बायको किंवा नवरा, भाऊबंद असतील तर ते सगळे, नोटरीसमोर सहीला येणारेत का हे वकिलाकडून लेखी घ्या.

विट्याच्या एका कुटुंबाचे कागद माझ्या टेबलावर आले होते. ब्रोशरमध्ये फ्लॅट ७२ चौरस मीटर, दाखल्यावर ५८. फसवणूक म्हणावी तर तसं नाही, तिथं जिना, लिफ्ट, पॅसेज यांचा वाटा धरून एकूण क्षेत्र सांगायची पद्धतच आहे, आपल्याकडं पूर्वी सुपर बिल्टअप चालायचं तसं. पण भाव ७२ वर लावलेला होता. चौरस मीटरला समजा १,८०० युरो धरले तर मधल्या १४ मीटरचे २५,२०० युरो होतात, म्हणजे आपले पंचवीस लाख. भाव विचारताना पहिला प्रश्न हाच, की निव्वळ क्षेत्र किती आणि दाखल्यावर किती. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट, त्यामुळं ५८ मीटर म्हणजे सव्वासहाशे फूट.

परवानगी असलेली बिल्डिंग पण पाडतात म्हणे, खरं का?

झालंय तसं. २०१३ च्या शेवटी व्लोरात समुद्राकाठची फ्लॅटची एक बिल्डिंग सरकारी यंत्रणेनं पाडली, बांधकाम परवाना होता, कोर्टानं थांबा म्हणून सांगितलेलं होतं, तरी पाडली. फ्लॅटवाले स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क कोर्टापर्यंत गेले आणि जानेवारी २०१८ ला निकाल त्यांच्या बाजूनं लागला. चार वर्षं गेली मधे. हे घाबरवायला सांगत नाही. पण वकिलाला ‘टायटल क्लिअर आहे का’ एवढंच विचारून थांबू नका, परवाना कुणी दिला, कुठल्या साली दिला, किनाऱ्यापासूनचं अंतर नियमात बसतं का, त्याच्यावर कुठं केस चालू आहे का, हे पण विचारा.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट बराच स्वस्त मिळतोय, घेऊ का?

माझं मत, नको. निदान पहिला व्यवहार तरी तसला नको. महारेराचं जे कवच आपल्याला इथं आहे, खरेदीदारांचे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे वगैरे, ते तिकडच्या बिल्डरला लागू होत नाही. काम रखडलं तर तुम्ही सांगलीत बसून अल्बानियन भाषेत कुणाशी भांडणार? ज्यांना घ्यायचंच आहे त्यांनी करार नोटरीसमोरच करावा, साध्या कागदावर सही करून बुकिंग अमाउंट देऊ नये, पैसे स्लॅबच्या टप्प्याला बांधावेत आणि शेवटचा मोठा हप्ता दाखला नावावर झाल्यावरच द्यावा. ताबा मिळाल्यावरही दोन-तीन वर्षं हप्ते चालतील अशी योजना असेल तर सही करायच्या आधी तो करार सीएला आणि बँकेला दाखवा, कारण उधारीवर परदेशी मिळकत घेणं हा आपल्या फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात नाजूक विषय आहे.

नोटरी म्हणजे आपल्या कोर्टाबाहेर बसतो तसा का?

नाही. तिथला नोटरी म्हणजे आपला सबरजिस्ट्रार आणि दस्तलेखक दोन्ही एकात. विक्रीचा करार त्याच्यासमोरच होतो आणि नोंदीला काडास्टरकडं तोच पाठवतो. तुम्हाला भाषा येत नाही म्हणून अधिकृत दुभाषा बसवावा लागतो, आणि तो आपला हवा, विकणाऱ्याचा मेहुणा नको. नोटरी व्यवहार कायदेशीर करतो पण तुमची बाजू घेत नाही, त्यामुळं वकील वेगळा, आणि एजंटानं सुचवलेला नको. स्वतः जाता येत नसेल तर मुखत्यारपत्र करता येतं. भारत आणि अल्बानिया दोन्ही अपॉस्टिल करारात आहेत, म्हणजे एका देशाचा शिक्क्याचा कागद दुसऱ्यात धरायच्या करारात, त्यामुळं इथं नोटरी करून, राज्य पातळीवरचा शिक्का आणि परराष्ट्र खात्याचं अपॉस्टिल घेतलं की तिकडं चालतं. मुखत्यारपत्रात ‘खरेदीच्या सर्व बाबी’ असलं मोघम काही लिहू नका, मिळकतीचा नंबर, जास्तीत जास्त किंमत आणि मुदत घाला.

इथून पैसे कसे पाठवायचे?

रिझर्व्ह बँकेची एलआरएस योजना आहे, तिच्यात एका माणसाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात आणि त्यात परदेशी घर बसतं. पॅन लागतं, ए-टू फॉर्म भरायचा, आणि कारण खरं लिहायचं, ‘नातेवाइकाचा घरखर्च’ म्हणून घराचे पैसे पाठवायचे नाहीत. घरातल्या दोघांतिघांची मर्यादा एकत्र वापरता येते, पण मग मिळकतीत नावं पण त्याप्रमाणं लावा.

आपल्या भागातली अडचण वेगळीच आहे. बऱ्याच जणांचे सगळे व्यवहार सहकारी बँकेत नाहीतर पतसंस्थेत, आणि परदेशी पैसे पाठवायचा परवाना असलेल्या मोठ्या बँकेत खातं नुकतंच उघडलेलं. अशा व्यवहाराला त्या बँकेत निदान वर्षभर जुनं खातं असावं असा नियम आहे, नसेल तर आधीच्या बँकेचं स्टेटमेंट, रिटर्न, पैसा कुठनं आला याचे पुरावे मागतात. द्राक्षाचे, बेदाण्याचे, हळदीचे पैसे चेकनं नाहीतर आरटीजीएसनं आलेले असले तर काही प्रश्न नाही, पण रोखीत आलेले आणि आठवड्यापूर्वी भरलेले असले की काउंटरवरचा साहेब फाईल बाजूला ठेवणारच, आणि त्याचं चुकत नाही. तेव्हा घ्यायचं ठरवायच्या वर्षभर आधी खातं नीट चालवा.

टीसीएस म्हणून वीस टक्के कापतात म्हणे?

हो. टीसीएस म्हणजे पैसे बाहेर पाठवताना बँक आगाऊ गोळा करते तो आयकर. वर्षाला १० लाखांपर्यंत काही नाही, त्याच्यावरच्या रकमेवर घरासाठी २० टक्के. १ एप्रिल २०२५ आधी ही मर्यादा ७ लाख होती. हिशोबाला सोपं म्हणून युरो १०० रुपये धरू आणि फ्लॅट ९०,००० युरोचा. म्हणजे ९० लाख, त्यातले १० वजा केले की ८० लाख, त्याचे २० टक्के म्हणजे १६ लाख वरून बँकेला द्यायचे. नवरा-बायको दोघांनी आपापल्या पैशातून ४५-४५ पाठवले तर प्रत्येकी ७ म्हणजे १४ लाख. हा पैसा बुडत नाही, तुमच्या पॅनवर जमा दिसतो, आयकरातून वळता होतो नाहीतर रिटर्न भरल्यावर परत येतो. पण ज्याचं उत्पन्न मुख्यतः शेतीचं, ज्याला आयकर जवळजवळ नाहीच, त्याचे ते १६ लाख रिफंड येईपर्यंत अडकून राहतात. एक कोटी सात-आठ लाख हातात असतील तरच ९० लाखांचा फ्लॅट. त्यात तिकडची नोटरी, वकील, दुभाषा, नोंदणी, एजंटाचं कमिशन आणि इकडची बँकेची फी धरा.

इथल्या बँकेचं कर्ज काढून पाठवता येईल का? किंवा क्रेडिट कार्डवर बुकिंग?

दोन्ही नाही. एलआरएसखाली असल्या भांडवली व्यवहाराला बँकेनं कर्ज द्यायचंच नाही असा नियम आहे. जमीन तारण ठेवून दुसऱ्या नावानं कर्ज काढून ते पैसे तिकडं फिरवायचे, हे सुद्धा कुणी सुचवतं, करू नका, कृपा करून करू नका, घरची जमीन अडकवून दूरदेशी फ्लॅट घेण्याइतका हा व्यवहार सुरक्षित नाही. क्रेडिट कार्ड पण असल्या खरेदीला चालत नाही, मग एक्स्पोमधला पोरगा मशीन घेऊन कितीही आग्रह करू दे.

दुबईतला पाहुणा तिकडं पैसे भरतो म्हणतो, आपण त्याला इथं रोख द्यायचे, चालेल?

याला हवाला म्हणतात. फेमामध्ये गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे. आणि उद्या फ्लॅट विकून पैसे परत आणायचे म्हटलं तर गेले कसे याचा कागदच तुमच्याकडं नसेल.

भाडं किती सुटेल?

सारांदा-क्सामिलला जून ते सप्टेंबर गर्दी, त्यात जुलै-ऑगस्ट पाय ठेवायला जागा नाही. नोव्हेंबर ते मार्च बरीच हॉटेलं-दुकानं बंद, समोर समुद्र आहे पण भाडेकरू नाही. दुरेसला राजधानी तिराना जवळ म्हणून वर्षभर राहणारे भाडेकरू मिळतात, व्लोराला थोडेफार. एजंट ऑगस्टचं एका रात्रीचं भाडं घेऊन तीनशे पासष्टनं गुणतो. तुम्ही साठ-सत्तर रात्री धरा, त्यातून साफसफाई आणि चाव्या सांभाळणाऱ्याचा वाटा, वेबसाइटचं कमिशन, सोसायटी मेंटेनन्स, लाइटबिल काढा आणि मग तिथला १५ टक्के कर. ‘गॅरंटीड रेंट’ची योजना असेल तर ते भाडं बहुतेक वेळा तुमच्याच फुगवलेल्या किमतीतून परत मिळत असतं. आणखी एक गोष्ट, फ्लॅटची किंमत युरोत असते पण खर्च ‘लेक’ या तिथल्या चलनात होतो, आणि २०१५ च्या सुमाराला एका युरोला १४० च्या आसपास लेक मिळायचे ते २०२४ ला १०० च्या आसपास आले. म्हणजे युरोत भाडं घेणाऱ्याचा तिथला खर्च आपोआप वाढला.

इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं का? भाडं आलंच नाही तर?

दाखवायचंच, भाडं येवो न येवो. परदेशी मालमत्तेचं वेगळं पत्रक आहे, शेड्यूल एफए, त्यात कॅलेंडर वर्षाप्रमाणं माहिती जाते, आणि साधा आयटीआर-वन चालत नाही. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या छोट्या परदेशी मालमत्तेला जी सूट दिली तिच्यात घर-जमीन येत नाही. तिथलं भाडं इथल्या उत्पन्नातही धरायचं, तिथं भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, भारत-अल्बानिया दुहेरी करार आहे. त्यासाठी कर भरल्याची तिकडची पावती जपून ठेवा. ‘एवढ्या लांबचं कुणाला कळतंय’ असं म्हणणारे मला भेटतात. देशादेशांत बँक खात्यांची माहिती आपोआप जाते, आणि तुमच्याच बँकेनं ए-टू फॉर्मवर ‘घर खरेदी’ लिहून कळवलेलं असतं.

घर घेतलं की युरोपचा व्हिसा मिळतो का?

नाही. अल्बानिया ना युरोपियन युनियनमध्ये, ना शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांत. घर असलं तर तिथल्या निवास परवान्याचा अर्ज करता येतो, पण त्यावर कोर्फूला जाणाऱ्या बोटीत सुद्धा बसता येत नाही, तिथं शेंगेन व्हिसा लागतो. नुसतं बघायला जायचं तर भारतीयांना ई-व्हिसा आहे, आणि अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा एकदा वापरलेला चालू मल्टिपल व्हिसा असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही.

भूकंप होतात का तिथं?

होतात. २६ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे दुरेसजवळ ६.४ चा झाला, ५१ माणसं गेली, किनाऱ्यावरची काही हॉटेलं आणि बिल्डिंगा बसल्या. पाटण-कोयनेकडच्या मंडळींना १९६७ चा डिसेंबर माहीत आहे, त्यांना जास्त सांगायला नको. त्यामुळं बिल्डिंग कुठल्या सालची, वर मागाहून मजला चढवलाय का, खालच्या दुकानासाठी भिंती-खांब काढलेत का, २०१९ नंतर तपासणी झाली का, हे बघा. हजार-दीड हजार युरो देऊन स्वतंत्र इंजिनिअर नेणं परवडतं.

त्यापेक्षा उत्तर सायप्रस स्वस्त आहे म्हणतात?

त्याला हात लावू नका. १९७४ ला तिथून विस्थापित झालेल्या ग्रीक सायप्रियट लोकांच्या जमिनींवर बरीच बांधकामं आहेत, मूळ मालकांचा हक्क संपलेला नाही. २००९ ला युरोपियन युनियनच्या कोर्टानं असल्या जमिनीवर घर बांधलेल्या ब्रिटिश जोडप्याविरुद्धचा सायप्रसच्या कोर्टाचा निकाल ब्रिटनमध्येही लागू धरला. धरणग्रस्तांची वेदना ज्या जिल्ह्यांनी बघितली त्यांनी दुसऱ्याच्या सुटलेल्या घराची जागा घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

विकताना काय?

तिथं नफ्यावर १५ टक्के. इथं २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलं असेल तर दीर्घ मुदतीचा नफा, साडेबारा टक्के, तिथं भरलेल्याचं क्रेडिट धरून. त्या पैशातून घर घेऊन कर वाचवायचा असेल तर नवीन घर भारतातच घ्यावं लागतं. आलेला पैसा तिकडंच पडून ठेवायचा नाही, पुन्हा गुंतवला नाही तर १८० दिवसांत परत आणायचा. गिऱ्हाईक पटकन मिळेल असं धरू नका. पोरीचं लग्न, पोराचं शिक्षण असला पाच वर्षांतला पैसा यात घालायचा नाही.

वारसांचं काय?

मृत्युपत्रात ही मिळकत नंबरासकट लिहा, आणि वकिलाचा पत्ता, कागदांच्या प्रती घरातल्या एकाला तरी माहीत असू द्या.

एक्स्पोमध्ये आजच टोकन द्या म्हणतात, भाव उद्या वाढणार म्हणे?

उद्या वाढू दे. टोकन न देता मिळकतीचा काडास्टर नंबर मागा. जो देतो त्याच्याशी पुढं बोलायचं. ‘नंबर बुकिंगनंतर मिळेल’ म्हणाला तर चहा पिऊन परत या.

बघायला जायचं तर कधी जाऊ?

जानेवारी-फेब्रुवारीत. सरळ विमान नाही, इस्तंबूल नाहीतर आखातातून तिरानाला उतरायचं, तिथून सारांदाला गाडीनं निम्मा दिवस जातो. हिवाळ्यात पाऊस असतो, तेव्हा बाल्कनीच्या दाराखालून पाणी येतं का, भिंतीला ओल चढलीय का, लिफ्ट चालू आहे का, शेजारच्या किती खिडक्यांत रात्री लाइट आहे हे दिसतं. नळ सोडून बघा, टाकी किती लिटरची ते विचारा. खाली किराणा उघडा आहे का बघा. मालक समोर असताना मेंटेनन्सच्या मागच्या पावत्या मागा, आणि सकाळी उठून काडास्टर ऑफिसात आपल्या वकिलासोबत स्वतः जा, ताजा कार्तेला हातात घ्या, त्यावरचा फ्लॅट नंबर आणि दारावरचा नंबर एकच आहे का ते जिना चढून परत एकदा ताडून बघा.